विंडोज सर्व्हरवर ग्राफिक्स कार्डाला कामाला लावताना

मागच्या पावसाळ्यात नाशिकच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नवा सर्व्हर बसवला. आठ ड्राफ्ट्समन, सगळ्यांकडे जुने पीसी आणि त्रिमिती मॉडेलं दिवसेंदिवस जड होत चाललेली. प्रत्येकाला नवं मशीन घेण्यापेक्षा एकच ताकदवान सर्व्हर घ्यायचा, त्यात चांगलं ग्राफिक्स कार्ड टाकायचं आणि सगळ्यांनी रिमोट डेस्कटॉपनं, म्हणजे आपल्या पीसीवर सर्व्हरचा पडदा उघडून, त्यावर काम करायचं, असं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी मी ॲडमिनच्या खात्यानं लॉगिन केलं आणि मॉडेल उघडून माउसनं फिरवलं. लोण्यासारखं फिरत होतं. शनिवारी रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टचा रोल, म्हणजे एकाच वेळी अनेकांना सर्व्हरवर काम करू देणारा विंडोजचा भाग, टाकला, लायसन्सचं काम उरकलं आणि घरी आलो.

सोमवारी सकाळी पावणेअकराला फोन. मॉडेल फिरवलं की दोन सेकंद थांबतं, मग एकदम उडी मारतं. जाऊन पाहिलं तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर शून्य. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, दोनदा काढून टाकला, कार्डाचा स्लॉट बदलला, दुपार गेली. बिघाड ना कार्डात होता ना ड्रायव्हरमध्ये. शनिवारी टाकलेल्या त्या रोलनंच सर्व्हरची वागणूक बदलली होती.

कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसलं म्हणजे ते रिमोट सेशनमध्ये कामाला लागलं असं नाही. मधे तीन दारं आहेत: हार्डवेअर, ड्रायव्हर आणि सेशन, म्हणजे एकेका माणसाचं सर्व्हरवरचं लॉगिन. प्रत्येक दार वेगळं उघडायचं आणि ते उघडलंय याची खात्री करूनच पुढच्याकडे जायचं. बहुतेक जण पहिली दोन उघडतात, तिसरं बंदच राहतं आणि बोल लागतो कार्डाला.

इथली सगळी माहिती विंडोज सर्व्हर २०१९ आणि २०२२ धरून आहे. २०१६ मध्येही जवळपास सगळं असंच चालतं, फरक असेल तिथे सांगितला आहे. टाइप करायच्या कमांड फोनवर सांगतो तशा एकेक अक्षर सुटं करून दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच ती इंग्रजी अक्षरं टाकायची.

सर्व्हर मुळात असा का वागतो

सर्व्हरला सहसा मॉनिटर नसतो. तो कपाटात बसून फायली वाटतो, डेटाबेस चालवतो आणि त्यानं कधीच कोलमडू नये एवढीच अपेक्षा असते. ग्राफिक्स ड्रायव्हर हा सिस्टमच्या गाभ्यात चालणारा मोठा आणि नाजूक कारभार. म्हणून मायक्रोसॉफ्टनं सर्व्हर आवृत्त्यांमध्ये तो शक्य तितका बाजूला ठेवला. सेशन होस्टवर एकाच वेळी अनेक माणसं बसलेली असतात, त्यामुळे तिथे ही सावधगिरी आणखी वाढते.

सेशन होस्टचा रोल टाकलेल्या सर्व्हरवर रिमोट सेशनमधलं त्रिमिती चित्र मायक्रोसॉफ्ट बेसिक रेंडर ड्रायव्हर काढतो. नावात ड्रायव्हर असला तरी त्याच्या मागे कुठलंही कार्ड नाही. सगळं गणित प्रोसेसर करतो. रोल नसेल तर उलट: ॲडमिनचं रिमोट सेशन आपोआप कार्ड वापरतं. शुक्रवार आणि सोमवार यांच्यातला फरक तो हाच. म्हणून पुढे केव्हाही चाचणी घ्याल तेव्हा रोल टाकून झाल्यावर आणि साध्या वापरकर्त्याच्या खात्यानंच घ्या.

सुरुवातीला आवृत्ती तपासा

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. रन खिडकीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-इ-आर टाका, आवृत्ती कळेल. लॉगिन केल्यावर स्टार्ट मेनू आणि टास्कबार दिसत असेल तर तुमच्याकडे डेस्कटॉप एक्स्पिरिअन्सवाला सर्व्हर आहे. फक्त काळी कमांडची खिडकी किंवा निळा-पांढरा मजकुराचा मेनू दिसत असेल तर ती सर्व्हर कोअर आवृत्ती. २०१६ पासून कोअरचं डेस्कटॉपमध्ये रूपांतर करता येत नाही, नव्यानंच इन्स्टॉल करावं लागतं. २०१२ मध्ये डेस्कटॉप एक्स्पिरिअन्स हे नंतर जोडता येणारं फीचर होतं. त्या काळातले लेख वाचून आजच्या सर्व्हरवर ते फीचर शोधत बसू नका.

रोल टाकल्यावर लायसन्स सर्व्हर जोडायला १२० दिवसांची मुदत मिळते. ग्राफिक्सची चाचणी या मुदतीतच पूर्ण करा. हा कारभार तुम्हाला परवडतोय की नाही हे लायसन्सचे पैसे मोजण्याआधी कळतं.

पहिलं दार: हार्डवेअर

कार्ड निवडताना मेमरीकडे पाहा, पण त्याआधी वीज आणि वारा पाहा. पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून भुकेल्या कार्डाला पॉवर सप्लायकडून वेगळी वायर लागते: सहा पिनची आणखी ७५ वॅटची, आठ पिनची १५० वॅटची. रॅकच्या सर्व्हरमध्ये या वायरी बहुतेक वेळा नसतातच. त्या मॉडेलचा केबल-किट वेगळा मागवावा लागतो आणि तो यायला वेळ लागतो. कार्ड आणि केबलची ऑर्डर एकत्रच द्या.

वाऱ्याची गोष्ट त्याहून महत्त्वाची. डेटासेंटरसाठीच्या कार्डांना स्वतःचा पंखा नसतो. एनव्हिडियाचं टी-४ हे १६ जीबी मेमरीचं, ७० वॅटचं कार्ड तसंच आहे. रॅक सर्व्हरच्या पंख्यांचा जोराचा झोत अंगावरून जाईल हे गृहीत धरून ते बनवलंय. साध्या टॉवर कॅबिनेटमध्ये ते टाकलं तर तापतं, स्वतःचा वेग कमी करतं आणि लोकांना वाटतं सॉफ्टवेअरच संथ झालं. टॉवर सर्व्हर असेल तर पंखा असलेलं वर्कस्टेशन वर्गाचं कार्ड घ्या.

गेमिंगचं जीफोर्स कार्ड स्वस्त पडतं, म्हणून मोह होतो. त्यात दोन अडचणी आहेत. जीफोर्सच्या ड्रायव्हर करारात डेटासेंटरमधल्या वापराला मनाई आहे. आणि एकाच वेळी किती व्हिडिओ एन्कोडिंग, म्हणजे चित्र दाबून पाठवण्याची कामं, चालावीत यावर त्या कार्डांना ड्रायव्हरचं बंधन आहे. एक-दोन माणसांना ते जाणवणार नाही, आठ जणांना जाणवू शकेल. डेटासेंटर वर्गाच्या कार्डावर ग्राफिक्सचं काम करायला वेगळा ड्रायव्हर आणि वेगळं लायसन्स लागू शकतं, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. छोट्या ऑफिसला या सगळ्यात वर्कस्टेशन वर्गाचं कार्डच कमी कटकटीचं, असं माझं मत.

कार्ड बसवल्यावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जा. तिथे अबव्ह फोर-जी डीकोडिंग नावाची सेटिंग शोधा आणि ती सुरू करा. भरपूर मेमरीच्या कार्डाला पत्त्यांची मोठी जागा लागते. सेटिंग बंद असेल तर विंडोजमध्ये कार्डावर पिवळं चिन्ह येतं आणि आत कोड १२ दिसतो, म्हणजे पुरेशी संसाधनं मोकळी नाहीत. हा कोड दिसला तर ड्रायव्हर बदलून उपयोग नाही, परत बायोसमध्येच जायचं.

सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक छोटी चित्र-चिप आधीपासून असते, पुष्कळदा एस्पीड कंपनीची. सर्व्हरचा दूरस्थ कन्सोल, म्हणजे बायोससुद्धा ब्राउझरमधून दिसतो ती सोय, त्या चिपवर चालतो. काही जण नवं कार्ड एकटंच राहावं म्हणून ही चिप बंद करतात. तसं करू नका. रात्री सर्व्हर अडकला तर तो कन्सोल हीच तुमची शेवटची खिडकी, आणि चिप बंद असली की तिथे नुसता काळा पडदा दिसतो.

दुसरं दार: ड्रायव्हर

विंडोज अपडेट जो ड्रायव्हर देईल त्यावर समाधान मानू नका. कार्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर जाऊन मॉडेल निवडा आणि ऑपरेटिंग सिस्टमच्या यादीत विंडोज सर्व्हर २०१९ किंवा २०२२ हेच नाव निवडा. विंडोज १० चा ड्रायव्हर कधी कधी चढतोही, पण पुढे काही बिघडलं तर कंपनी मदत करणार नाही. यादीत तुमच्या सर्व्हरचं नावच नसेल तर ते कार्ड सर्व्हरसाठी नाही असं समजा आणि खरेदीआधीच थांबा.

इन्स्टॉल करताना कस्टम पर्याय निवडून क्लीन इन्स्टॉलेशनवर खूण करा. एकदा रीस्टार्ट करा. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले ॲडॅप्टर्सखाली कार्डाचं पूर्ण नाव आलंय का बघा. नुसतं मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर दिसत असेल तर ड्रायव्हर चढलेला नाही. कोड ४३ दिसला तर उपकरणानंच अडचण कळवली आहे. अशा वेळी वीज, स्लॉट आणि कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये चालतं का, या क्रमानं तपासा.

एनव्हिडियाच्या कार्डाला इथे एक चोरखिळा आहे. काही कार्डांचा ड्रायव्हर दोन पद्धतींनी चालतो: टीसीसी आणि डब्ल्यूडीडीएम. डब्ल्यूडीडीएम चित्र काढण्यासाठी, टीसीसी फक्त गणितासाठी आहे. त्यात कार्ड गणनेची कामं झपाट्यानं उरकतं, पण विंडोजला ते चित्र काढणारं कार्ड म्हणून दिसतच नाही. टेस्ला वर्गाची कार्डं बहुधा याच पद्धतीत सुरू होतात.

तपासायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा. एन-व्ही-आय-डी-आय-ए, मग हायफन, मग एस-एम-आय असं सलग टाका आणि एंटर दाबा. चौकटींचा एक तक्ता येतो. त्यात कार्डाच्या नावाशेजारीच पद्धत लिहिलेली असते. टीसीसी दिसलं तर तीच कमांड पुन्हा लिहा आणि पुढे जागा सोडून हायफन आय, जागा, शून्य, जागा, हायफन डी-एम, जागा, शून्य असं जोडा. पहिला शून्य म्हणजे पहिलं कार्ड, दुसरा शून्य म्हणजे डब्ल्यूडीडीएम. एंटर, मग रीस्टार्ट. कमांडच सापडत नाही असं उत्तर आलं तर ड्रायव्हर जुना आहे. जुन्या ड्रायव्हरमध्ये ती प्रोग्रॅम फाइल्समधल्या एनव्हिडिया कॉर्पोरेशनच्या फोल्डरात, एनव्हीएसएमआय नावाच्या उपफोल्डरात असायची.

तिसरं दार: सेशन

माझी ती दुपार गेली ती याच दाराशी.

रन खिडकीत जी-पी-इ-डी-आय-टी, टिंब, एम-एस-सी टाका. लोकल ग्रुप पॉलिसी एडिटर, म्हणजे विंडोजनं कसं वागायचं याचे नियम (पॉलिसी) ठरवायची खिडकी, उघडेल. डावीकडच्या झाडात कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, त्यात ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, मग विंडोज कंपोनंट्स, मग रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, मग रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट आणि शेवटी रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट असं उतरत जा. उजवीकडच्या यादीत यूज हार्डवेअर ग्राफिक्स ॲडॅप्टर्स फॉर ऑल रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस सेशन्स ही ओळ शोधा. जुन्या आवृत्त्यांत याच ओळीत यूज द हार्डवेअर डीफॉल्ट ग्राफिक्स ॲडॅप्टर असे शब्द आहेत, काम तेच. त्यावर डबल क्लिक करून एनेबल्ड निवडा आणि ओके करा.

त्या खिडकीतला मदतीचा मजकूर एकदा नीट वाचा. पॉलिसी नॉट कॉन्फिगर्ड ठेवली तर सेशन होस्टवर बेसिक रेंडर ड्रायव्हर वापरला जाईल आणि बाकी ठिकाणी हार्डवेअर, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. मी तो परिच्छेद आधी वाचला असता तर आठ माणसांचा सोमवार वाचला असता.

आता कमांड प्रॉम्प्टमध्ये जी-पी-अप-डेट ही कमांड चालवा: जी-पी-यू-पी-डी-ए-टी-इ, जागा, तिरकी रेघ, एफ-ओ-आर-सी-इ. मग सगळ्यांना साइन आउट करायला सांगा. नुसती खिडकी बंद करून चालणार नाही, कारण डिस्कनेक्ट केलेलं सेशन सर्व्हरवर जुन्याच अवस्थेत जिवंत राहतं. शक्य असेल तर सर्व्हर रीस्टार्टच करा.

सर्व्हर डोमेनमध्ये, म्हणजे डोमेन कंट्रोलर नावाच्या एका मुख्य सर्व्हरवरून चालणाऱ्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये, असेल तर हीच पॉलिसी त्या डोमेन कंट्रोलरवरून द्या. नाहीतर वरून आलेली एखादी पॉलिसी तुमची स्थानिक सेटिंग पुसून टाकेल आणि महिन्याभरानं पुन्हा तीच तक्रार येईल.

खात्री कशी करायची

साध्या वापरकर्त्याच्या खात्यानं, दुसऱ्या पीसीवरून लॉगिन करा. एखादं जड मॉडेल उघडा आणि माउसचं बटण दाबून ते सतत फिरवत राहा. त्याच वेळी शेजारच्या सेशनमध्ये ॲडमिन म्हणून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्स टॅबमध्ये डाव्या रांगेत सर्वांत खाली जीपीयू दिसेल. मॉडेल फिरतंय तोवर थ्री-डीचा आलेख वर चढायला हवा आणि माउस सोडला की खाली यायला हवा. हाताबरोबर आलेख हलला की तिसरं दार उघडलं.

कोण किती वापरतंय ते पाहायचं तर डिटेल्स टॅबमध्ये स्तंभांच्या शीर्षकावर उजवं क्लिक करून सिलेक्ट कॉलम्समधून जीपीयू आणि जीपीयू इंजिन जोडा. २०१६ च्या टास्क मॅनेजरमध्ये हा भाग नाही. तिथे एनव्हिडियाची वरचीच कमांड चालवा. तक्त्याच्या वरच्या भागात वापराची टक्केवारी येते.

ॲप्लिकेशनलाही विचारा. ऑटोकॅडमध्ये कमांडच्या ओळीत ग्राफिक्सकॉन्फिग टाकलं की खिडकी उघडते आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू आहे की बंद ते दिसतं. आधी संथ सर्व्हरवर काम करताना ते आपोआप बंद झालेलं असू शकतं. सर्व्हर दुरुस्त झाला तरी प्रत्येकाच्या खात्यात ती सेटिंग बंदच राहते. आमच्याकडे आठपैकी तिघांचं तसंच झालं होतं.

ओपनजीएलवाल्यांसाठी

त्रिमिती सॉफ्टवेअर कार्डाशी बहुधा डायरेक्टएक्स किंवा ओपनजीएल या पद्धतीनं बोलतं. ऑटोकॅड आणि रेव्हिट डायरेक्टएक्सवर चालतात, ते वरच्या पॉलिसीनं मार्गी लागतात. ऱ्हायनो, स्केचअपच्या जुन्या आवृत्त्या यांसारखी सॉफ्टवेअरं ओपनजीएल मागतात आणि रिमोट सेशनमधलं ओपनजीएल हे वेगळं प्रकरण आहे. विंडोजला कार्डाचा ओपनजीएल ड्रायव्हर सापडला नाही तर तो स्वतःचा जीडीआय जेनेरिक नावाचा पर्याय पुढे करतो. त्याची आवृत्ती १.१. आजचं कुठलंही त्रिमिती सॉफ्टवेअर त्यावर चालायला नकार देतं. सॉफ्टवेअरच्या सिस्टम माहितीत जीडीआय जेनेरिक हे शब्द दिसले की दुखणं कुठे आहे ते कळलं.

वर्कस्टेशन वर्गाच्या कार्डांवर ओपनजीएल रिमोट सेशनमध्ये चालतं. जीफोर्सवर पूर्वी चालत नसे. २०२० मध्ये, सगळे घरून काम करायला लागले तेव्हा, एनव्हिडियानं त्यासाठी एक छोटं साधन मोफत दिलं. ते सर्व्हरवर एकदा ॲडमिन म्हणून चालवायचं आणि सांगेल तसा रीस्टार्ट करायचा. ते कंपनीच्या डेव्हलपर विभागातूनच उतरवा. इतर ठिकाणी त्याच नावानं फिरणाऱ्या फायलींना हात लावू नका.

चित्र कार्डानं काढलं, आता ते पोचवायचं

सर्व्हरवर चित्र तयार झालं की ते दाबून, म्हणजे एन्कोड करून, नेटवर्कवरून पाठवावं लागतं. हे कामसुद्धा प्रोसेसरकडेच असतं. माणसं वाढली की तिथे कोंडी होते. ग्रुप पॉलिसीच्या त्याच रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंटमध्ये आणखी दोन ओळी आहेत. एक, कॉन्फिगर एच.२६४ एव्हीसी हार्डवेअर एन्कोडिंग. ही एनेबल करून आतल्या यादीत शक्य तिथे हार्डवेअर वापरण्याचा पर्याय ठेवा. दुसरी, प्रायॉरिटाइझ एच.२६४ एव्हीसी ४४४ ग्राफिक्स मोड. ड्रॉइंगमधल्या बारीक रंगीत रेघा आणि अक्षरं साध्या एन्कोडिंगमध्ये कडांना धुरकट होतात. ४४४ मध्ये रंगाची माहिती पूर्ण जाते आणि रेघ स्वच्छ दिसते. काळ्या पार्श्वभूमीवर लाल डायमेन्शनच्या रेघा वाचणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. बदल्यात नेटवर्कवरचा भार थोडा वाढतो.

ही दोन्ही खरंच चालू झाली का ते इव्हेंट व्ह्युअर सांगतो. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस - आरडीपी कोअर टीएस, ऑपरेशनल असं उघडा. नव्यानं लॉगिन करून घ्या आणि ताज्या नोंदींत क्रमांक १६२ व १७० शोधा. १६२ मध्ये एव्हीसी अव्हेलेबल १ आणि इनिशियल प्रोफाइल २०४८ असेल तर ४४४ सुरू आहे. १७० मध्ये हार्डवेअर एन्कोडर एनेबल्ड १ असेल तर एन्कोडिंग कार्ड करतंय. शून्य असेल तर ते काम अजून प्रोसेसरच्याच डोक्यावर आहे.

रिमोट सेशन सेकंदाला जास्तीत जास्त ३० चित्रं पाठवतं. ड्रॉइंगला एवढी पुरतात. मॉडेलमधून चालत फिरायचं असेल तर ६० करता येतात. रन खिडकीत आर-इ-जी-इ-डी-आय-टी टाकून रजिस्ट्री एडिटर उघडा. काही बदलण्याआधी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा. एचकी लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टर्मिनल सर्व्हर, विनस्टेशन्स इथवर जा. उजवीकडे ३२ बिटांची नवी डीवर्ड नोंद करा. नाव: डी-डब्ल्यू-एम-एफ-आर-ए-एम-इ-आय-एन-टी-इ-आर-व्ही-ए-एल, मधे जागा नाही. किंमत टाकण्याआधी डेसिमलवर खूण करा आणि मग १५ लिहा. हेक्साडेसिमलवर राहूनच १५ लिहिलं तर विंडोज त्याला २१ समजतो. रीस्टार्ट करा.

ड्राफ्ट्समनच्या टेबलावर

रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत शो ऑप्शन्स दाबा. डिस्प्ले टॅबमध्ये रंग ३२ बिटांवर आणि एक्स्पिरिअन्स टॅबमध्ये लॅन निवडा. जोडणी झाल्यावर वरच्या निळ्या पट्टीतल्या सिग्नलच्या दांड्यांवर क्लिक करा. जोडणीचा दर्जा आणि यूडीपी, म्हणजे नेटवर्कवरून चित्र झटपट पाठवायची पद्धत, चालू आहे का ते तिथे दिसतं. यूडीपी बंद असेल तर फायरवॉलमध्ये ३३८९ या पोर्टला टीसीपीबरोबर यूडीपीलाही परवानगी द्या. पण फक्त ऑफिसच्या आतल्या नेटवर्कसाठी. बाहेरून येणाऱ्यांना व्हीपीएन किंवा रिमोट डेस्कटॉप गेटवेमधूनच आत घ्या. ३३८९ इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे ऑफिसच्या दाराला कुलूपच न लावणं.

सर्व्हर स्वतःच व्हर्च्युअल असेल तर

हायपर-व्ही ही एका सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरनं बनवलेली वेगळी (व्हर्च्युअल) मशीनं चालवणारी विंडोजची सोय. तिथे कार्ड थेट एका व्हर्च्युअल मशीनला देता येतं. कार्ड असं देण्याची सोय २०१६ पासून आहे, तिचं नाव डिस्क्रीट डिव्हाइस असाइनमेंट. दिलेलं कार्ड त्या एकाच मशीनचं होतं, यजमान सर्व्हरलाही ते मग दिसत नाही. त्या मशीनची ऑटोमॅटिक स्टॉप ॲक्शन टर्न ऑफवर ठेवावी लागते आणि चालू असताना ते दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येत नाही. एक कार्ड अनेक मशीनांत वाटून देण्याची सोय २०२५ च्या सर्व्हरमध्ये आली आहे. पूर्वी हेच काम करणारं रिमोटएफएक्स व्हीजीपीयू सुरक्षेच्या कारणानं जुलै २०२० मध्ये बंद केलं गेलं आणि एप्रिल २०२१ च्या अपडेटमध्ये काढूनच टाकलं. त्याची कृती सांगणारा लेख सापडला तर सोडून द्या.

अजून २००३ वर अडकलेल्यांसाठी

कारखान्यांत एखाद्या मशीनशी जोडलेला सर्व्हर २००३ अजून भेटतो. त्याचा आधार १४ जुलै २०१५ ला संपला, म्हणून तो इंटरनेटपासून तोडलेलाच असावा. तिथे ॲक्सिलरेशन एका सरकपट्टीवर आहे. डेस्कटॉपवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, ट्रबलशूट. हार्डवेअर ॲक्सिलरेशनची पट्टी उजव्या टोकाला फुलवर न्या. मग रनमधून डी-एक्स-डी-आय-ए-जी उघडा आणि डिस्प्ले टॅबमध्ये डायरेक्टड्रॉ आणि डायरेक्टथ्रीडी समोरची एनेबल बटणं दाबा. पट्टी सरकवून बटणं विसरली तर काम अर्धंच होतं. आवाज हवा असेल तर सर्व्हिसेसमध्ये विंडोज ऑडिओ ऑटोमॅटिक करा, तीही मुळात बंद असते.

चालू झाल्यानंतरची राखण

सेशन होस्टवर कार्डाची मेमरी सगळ्यांच्यात सामाईक असते, कुणाच्या वाट्याला ठरावीक हिस्सा नसतो. एकानं अवाढव्य मॉडेल उघडलं तर बाकीच्यांचं काम अडखळतं. पहिल्या आठवड्यात रोज ऐन कामाच्या वेळी टास्क मॅनेजरमधला डेडिकेटेड जीपीयू मेमरीचा आकडा लिहून ठेवा. तो सतत काठोकाठ भरत असेल तर माणसं वाढवण्याआधी मोठं कार्ड किंवा दुसरा सर्व्हर घ्यावा लागेल.

कार्डानं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर स्वतः पुन्हा सुरू करतो आणि सिस्टम लॉगमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. एका पीसीवर हे एका माणसाला भोवतं, इथे सगळ्यांची चित्रं एकदम गोठतात. ही नोंद वरचेवर दिसू लागली तर ती दोन सेकंदांची मुदत रजिस्ट्रीत वाढवण्याचे सल्ले मिळतील. त्याआधी कार्डाचं तापमान पाहा, धूळ झाडा आणि कंट्रोल पॅनलमधला पॉवर प्लॅन बॅलन्स्डवरून हाय परफॉर्मन्सवर न्या.

आणि ड्रायव्हरचं अपडेट कधीही सोमवारी सकाळी करू नका. आम्ही ते महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी करतो. आधीच्या ड्रायव्हरची फाइल सर्व्हरवरच एका फोल्डरात ठेवलेली असते. अपडेट झाल्यावर ड्राफ्ट्समनच्या एका खात्यानं तेच जुनं मॉडेल उघडून फिरवतो, शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवतो, १७० क्रमांकाची नोंद पाहतो आणि मगच कुलूप लावून निघतो.